स्टोरेज फुल झालं, आता घरचे व्हिडिओ ठेवायचे कुठे? क्लाउडवर की कपाटातल्या हार्ड डिस्कवर?

१९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकने लाइव्ह व्हिडिओंचा नियम बदलला. त्याआधी पेजवर केलेलं लाइव्ह तिथेच राहायचं, कधीही जाऊन बघता यायचं. आता ते फक्त ३० दिवस राहतं आणि नंतर आपोआप निघून जातं. जुन्या लाइव्हचंही तेच ठरलं. खातेदाराला सूचना पाठवायची, उतरवून घ्यायला ९० दिवस द्यायचे आणि मग काढून टाकायचं.

शहरातल्या माणसाला यात फारसं काही वाटलं नसेल. पण हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, जिल्हा परिषद शाळेचं गॅदरिंग, पुतण्याचं लग्न हे सगळं ट्रायपॉडला मोबाइल लावून थेट फेसबुकवर दाखवायची पद्धत गावोगावी रूढ झाली आहे. त्याची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुणाकडेच नसते. 'फेसबुकवर आहे की' एवढ्यावर सगळे निर्धास्त. सूचना आली ती अशा ईमेलवर, जो त्या पेजच्या ॲडमिनने तीन वर्षांत उघडला नव्हता, असंही अनेक ठिकाणी झालं असणार.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातलं इस्लापूर घ्या. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. पावसाळ्यात तिथे जितके पर्यटक, तितकेच मोबाइल हवेत. पण या भागातलं खरं मोलाचं चित्रण धबधब्याचं नाही. धबधबा पुढच्या वर्षीही पडेल. किनवट परिसरात गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशा समाजांची वस्ती आहे. दिवाळीच्या दिवसांत दंडार निघते, तांड्यावर होळीची गाणी होतात. कोलाम ही तर महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. एखाद्या नातवाने आपल्या आजीला कोलामीत किंवा गोंडीत बोलतं करून दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला असेल, तर त्याची प्रत कुठल्याही ग्रंथालयात नाही. ती त्या मोबाइलमध्ये आहे. आणि मोबाइल म्हणतोय, 'स्टोरेज फुल'.

अशा वेळी प्रश्न पडतो, पैसे भरून क्लाउडवर जागा घ्यावी की एक हार्ड डिस्क आणून कपाटात ठेवावी?

आधी मोजा, मग ठरवा

बहुतेक लोक उलटं करतात. आधी डिस्क घेतात किंवा प्लॅन घेतात, मग काय काय आहे ते बघतात.

मोबाइलवर साध्या फुल एचडीमध्ये काढलेला व्हिडिओ, नव्या पद्धतीने दाबून साठवला तरी, मिनिटाला ६० एमबीच्या आसपास जागा खातो. ४केमध्ये तोच मिनिटाला साधारण १७० एमबी होतो. म्हणजे तासाभराचं ४के चित्रण दहा जीबी. गुगलचं मोफत खातं १५ जीबीचं, तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. अॅपलकडे मोफत जागा ५ जीबी. थोडक्यात, मोफत जागेत एका साखरपुड्याचंही पूर्ण चित्रण मावणार नाही.

आता घरातलं सगळं एकत्र करा. दोन-तीन मोबाइल. लग्नाची शूटिंग, जी फोटोग्राफरने पेनड्राइव्हमध्ये दिली. २००० नंतरच्या दशकातल्या लग्नांच्या सीडी, ज्यांच्यावर नवरा-नवरीचा फोटो छापलेला असतो आणि ज्या आता कुठल्याच यंत्रात लागत नाहीत. त्याआधीच्या व्हिडिओ कॅसेट. चार-पाच माणसांच्या घराचा हा ऐवज सहज ३०० ते ५०० जीबीवर जातो. पुढच्या हिशेबासाठी ४०० जीबी धरू.

जुन्या सीडींबद्दल इथेच एक गोष्ट सांगायला हवी. मोजत बसण्याआधी त्या उतरवून घ्या. सीडीवर लिहिलं जातं ते रंगद्रव्याच्या पातळ थरावर, आणि तो थर ऊन, उष्णता, दमटपणा यांनी खराब होतो. वरून ओरखडा नसला तरी आतून सीडी गेलेली असू शकते. व्हीसीडी असेल तर त्यात डॅट नावाच्या मोठ्या फाइल दिसतील. त्या जशाच्या तशा संगणकावर कॉपी केल्या की व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतात. कॅसेटचं काम अवघड आहे, कारण कॅसेट चालवणारं यंत्रच मिळेनासं झालंय. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. टेपला पांढरी बुरशी दिसली तर ती घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालून बघू नका. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. नांदेडसारख्या शहरात कॅसेटवरून डिजिटल प्रत करून देणारे स्टुडिओ शोधले तर सापडतात, तिथेच द्यावी.

क्लाउड म्हणजे पैसे भरून काय मिळतं?

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा, दूर कुठेतरी असलेला संगणक. तिथे तुमच्या फाइलच्या एकापेक्षा जास्त प्रती ठेवलेल्या असतात, डिस्क बिघडली तर ती बदलायला माणसं असतात, वीज गेली तर जनरेटर असतो. घरात आग लागली, पूर आला, चोरी झाली तरी तिकडच्या प्रतीला धक्का लागत नाही.

मराठवाड्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावंच्या गावं ढिगारा झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली. गेलेल्या माणसाचा एकही फोटो उरला नाही अशी घरं तेव्हा झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्याच मुखेड तालुक्यात एका रात्रीत पाणी घरांत शिरलं आणि बचावासाठी लष्कर बोलवावं लागलं. अशा रात्री माणूस लेकरांना उचलतो, कपाटातली डिस्क कोण उचलणार?

दराचं म्हणाल तर गुगलच्या प्लॅनमध्ये १०० जीबीला गेली काही वर्षं महिना १३० किंवा वर्षाला १,३०० रुपये पडतात. २ टीबीला महिना ६५० किंवा वर्षाला ६,५०० रुपये. मधला २०० जीबीचा प्लॅन आहे, पण आपल्या ४०० जीबीच्या घराला तो पुरत नाही, थेट २ टीबीवर उडी मारावी लागते. पाच वर्षांचे ३२,५०० रुपये झाले. मोबाइल कंपन्या मधूनमधून रिचार्जबरोबर काही महिने मोफत क्लाउड देतात. ते घ्यायला हरकत नाही, पण मुदत संपल्यावर काय होतं ते आधी वाचावं. मोफतचा भरवसा किती, हे गुगल फोटोजने एकदा दाखवलं आहे. २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा थोडा दर्जा कमी करून कितीही फोटो-व्हिडिओ मोफत ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ती सोय बंद झाली. तोपर्यंत लोकांना सवय लागलेली होती.

हप्ता थांबला तर? फाइल लगेच उडत नाहीत. पण नवीन काही चढत नाही आणि जीमेलमध्ये मेल येणंही थांबतं. हा दुसरा फटका मोठा आहे. घरातल्या मुलाने त्याच जीमेलवरून भरतीचा अर्ज भरला असेल तर हॉल तिकिटाचा मेलही अडकतो. जागेची मर्यादा ओलांडलेली अवस्था दोन वर्षं तशीच राहिली तर गुगल फाइल काढून टाकू शकतं.

अपलोडचं गणित, जे कुणी करत नाही

प्लॅन घेतला, पैसे भरले. आता ४०० जीबी वर चढवायचे कसे?

मोबाइलवर रोज दीड जीबीचा पॅक असेल आणि घरातल्या कुणीही दुसरं काहीही पाहिलं नाही, तर २६७ दिवस लागतील. जवळजवळ नऊ महिने. घरी फायबर असेल तर गोष्ट वेगळी. अपलोडचा खरा वेग १० एमबीपीएस मिळाला तर रात्रंदिवस चालू ठेवून पावणेचार दिवस. २ एमबीपीएस मिळाला तर साडेअठरा दिवस. इथे लक्षात ठेवायचं की जाहिरातीत सांगितलेला वेग बहुधा डाउनलोडचा असतो आणि मोबाइल नेटवर्कवर अपलोड त्याहून पुष्कळ कमी निघतो. वेग मोजणाऱ्या ॲपमध्ये दोन आकडे येतात, त्यातला दुसरा बघायचा. संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा मोजा. गावाकडे दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

गंमत अशी की एक टीबीची डिस्क पिशवीत घालून कुणी किनवटहून नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबईला गेलं, आणि प्रवासाला २० तास धरले, तरी त्या पिशवीचा 'वेग' ११० एमबीपीएसच्या वर भरतो. गावातल्या बहुतेक जोडण्यांना अपलोडला एवढा वेग मिळत नाही. मोठमोठ्या क्लाउड कंपन्याही अवाढव्य डेटा हलवायचा असेल तर ग्राहकाकडे डिस्क पाठवून देतात.

म्हणून जुना ऐवज आणि नवा ऐवज वेगळा धरावा. रोज काढले जाणारे दोन-चार व्हिडिओ मोबाइलवरून आपोआप वर जाऊ शकतात. गेल्या तीस वर्षांचा ढीग एकदम चढवायचा हट्ट करण्यात अर्थ नाही.

क्लाउडवरचेही व्हिडिओ जातात. कसे?

क्लाउडवर ठेवलं की संपलं, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात तिथली डिस्क बिघडून तुमचा व्हिडिओ जाण्याची शक्यता अगदी कमी. तो जातो इतर कारणांनी.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे घरातल्याच कुणीतरी पुसणं. फोटोज ॲप मोबाइल आणि क्लाउड यांना एकसारखं ठेवतं. मोबाइलची जागा रिकामी करायची म्हणून ॲपमध्ये जाऊन व्हिडिओ डिलीट केले की ते क्लाउडवरूनही जातात. जागा रिकामी करायला तिथे वेगळा पर्याय असतो, जो वर चढलेल्या फाइलची फक्त मोबाइलमधली प्रत काढतो. या दोन बटणांमधला फरक माहीत नसल्याने किती घरांची बारशी गेली याला गणती नसेल. गुगल फोटोजच्या कचरापेटीत वर चढलेला व्हिडिओ ६० दिवस राहतो, त्यानंतर काही इलाज नाही.

दुसरं, खातंच हातून जाणं. पासवर्ड आठवत नाही, ओटीपी जातो जुन्या नंबरवर. तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद झाला आणि आता भलत्याच कुणाकडे आहे. शिवाय डिसेंबर २०२३ पासून गुगलचा नियम असा की दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं. मोबाइलच्या दुकानात नवा फोन घेताना दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं जीमेल खातं आणि त्यालाच माहीत असलेला पासवर्ड, ही तर आपल्याकडची खासियत.

तिसरं कारण ऐकून धक्का बसेल. अहमदाबादच्या एका संगणक अभियंत्याचं गुगल खातं एप्रिल २०२३ मध्ये बंद झालं. त्यात त्याचे स्वतःचे लहानपणीचे फोटो होते, आजीने अंघोळ घालतानाचा एक त्यात होता, आणि यंत्रणेने तो बालकांच्या अश्लील चित्रणात धरला. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने कंपनीला नोटीस काढली. आपल्याकडे बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालतानाचा व्हिडिओ काढण्यात कुणालाच वावगं वाटत नाही. हा ऐवज कुठल्या कंपनीच्या आपोआप चालणाऱ्या तपासणीतून जावा, हे आपण ठरवायला हवं. असे व्हिडिओ घरच्या डिस्कवरच बरे.

आणि कधीकधी खरंच केंद्रच जळतं. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची यंत्रणा, सुमारे ८५८ टीबी, गेली. तिची दुसरी प्रत बाहेर कुठेच ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात पुढारलेल्या देशाच्या सरकारची ही गत.

यूट्यूबचाही एक मार्ग लोक काढतात. व्हिडिओ 'अनलिस्टेड' करून ठेवून द्यायचे, जागा मोफत. नातेवाइकांना दाखवायला हे उत्तम आहे. पण यूट्यूब व्हिडिओ पुन्हा दाबून ठेवतं, त्यामुळे तिथून उतरवलेली प्रत मूळच्या दर्जाची राहत नाही. लग्नाच्या व्हिडिओत मागे सिनेमाची गाणी असतात, त्यावर हक्काचा दावा येऊन व्हिडिओ अडू शकतो. आणि अनलिस्टेड म्हणजे खासगी नव्हे, लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघणार.

घरची डिस्क: स्वस्त, पण नाजूक

१ टीबीची साधी पोर्टेबल हार्ड डिस्क गेली काही वर्षं चार ते सहा हजारांच्या घरात मिळते आहे. दोन घेतल्या तरी दहा-बारा हजार. वर सांगितलेल्या ३२,५०० च्या मानाने पुष्कळ कमी. शिवाय इंटरनेट नसलं तरी व्हिडिओ टीव्हीला लावून बघता येतात, महिन्याचा हप्ता नाही, कुणाची तपासणी नाही.

मग अडचण काय? डिस्क मरते. डेटा सेंटरमध्ये हजारो डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझ कंपनीने वर्षानुवर्षं आपले आकडे जाहीर केले आहेत, त्यात वर्षाला एक ते दोन टक्क्यांच्या आसपास डिस्क बंद पडताना दिसतात. हे थंड, स्थिर खोलीतल्या डिस्कचं. किनवट तालुक्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. वळवाच्या विजा, अचानक वाढणारा-उतरणारा दाब, कॉपी चालू असताना गेलेली वीज, हे सगळं वेगळं. आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे टेबलाची कड. हार्ड डिस्कच्या आत चकती फिरत असते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारं टोक तरंगत असतं. चालू असताना खाली पडली की बहुतेक वेळा संपली. डेटा परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण त्यांचं बिल डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येतं, आणि खात्री नाहीच.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, पडली तरी बहुधा टिकते. मग तीच घ्यावी का? रोजच्या वापराला हो. पण कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवायची असेल तर नको. तिच्यात माहिती विजेच्या सूक्ष्म साठ्याच्या रूपात असते आणि दीर्घकाळ वीज न मिळाल्यास, त्यातही उष्णतेत, तो साठा झिरपत जातो. पेनड्राइव्हचं तेच. लग्नाचा एकुलता एक पेनड्राइव्ह देवघरातल्या डब्यात दहा वर्षं ठेवणं म्हणजे फक्त मनाचं समाधान.

बाजारातल्या फसवणुकीबद्दलही बोलायला हवं. समाजमाध्यमांवर '२ टीबी पेनड्राइव्ह फक्त ४९९' अशा जाहिराती फिरतात. त्यात प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि संगणकाला २ टीबी दिसेल अशी खोटी नोंद केलेली असते. कॉपी करताना सगळं सुरळीत दिसतं, फाइलची नावंही दिसतात. खरी जागा संपल्यावर पुढच्या फाइल आधीच्या फाइलवर लिहिल्या जातात किंवा हवेत जातात. कळतं तेव्हा मोबाइलमधून मूळ व्हिडिओ पुसून झालेला असतो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम डिस्क पूर्ण भरून परत वाचून खरी जागा सांगतो. नवी डिस्क घेतली की पहिली रात्र तो चालवण्यात घालवावी.

काही तपशील दुकानदार सांगत नाही. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जातच नाही, जागा असूनही. एक्सफॅट निवडा, ती संगणकावर चालते आणि नव्या टीव्ही-मोबाइलवरही बहुधा चालते. काम झालं की केबल ओढू नका, 'इजेक्ट' करा. डिस्क कायम संगणकाला लावून ठेवू नका. चोरीचं सॉफ्टवेअर उतरवताना खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर लावलेल्या डिस्कवरच्या सगळ्या फाइलही तो कुलूपबंद करतो.

घरीच छोटा सर्व्हर, म्हणजे नॅस, बसवण्याचा सल्लाही इंटरनेटवर मिळतो. दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवतात, घरातल्या सगळ्यांना वायफायवर दिसतं. छान आहे. पण तो चोवीस तास चालतो, त्याला यूपीएस लागतो, आणि दोन्ही डिस्क एकाच डब्यात असल्याने वीज कोसळली तर दोन्ही जातात. ज्या घरात एकही माणूस संगणक हौसेने उघडून बसत नाही तिथे हा खर्च करू नये.

मग इस्लापूरच्या घराने काय करावं?

२००५ मध्ये पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकात एक सोपा नियम मांडला, तो आज जगभर वापरतात: ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

घराबाहेरच्या त्या एका प्रतीने काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण 'टॉय स्टोरी २' या सिनेमाचं. १९९८ मध्ये पिक्सारच्या संगणकावर एक चुकीची आज्ञा दिली गेली आणि सिनेमाचं बरंचसं काम पुसलं गेलं. कंपनीचा बॅकअपही नीट चालत नसल्याचं त्याच वेळी कळलं. वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन या तंत्र-दिग्दर्शिकेला नुकतंच बाळ झालं होतं, म्हणून त्या घरून काम करायच्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती. तो संगणक रजईत गुंडाळून गाडीतून कंपनीत नेला म्हणतात. याच्या उलट उदाहरण पुण्याचं. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठीला आग लागली आणि प्रभातच्या काळातल्या मूळ प्रती त्यात गेल्या. काही सिनेमांच्या नव्या फिल्मवर उतरवलेल्या प्रती दुसरीकडे होत्या म्हणून ते आज बघता येतात.

तेव्हा क्लाउड की डिस्क, या प्रश्नाचं बहुतेक घरांसाठीचं उत्तर असं निघतं: सगळा ढीग दोन डिस्कवर आणि निवडक ऐवज क्लाउडवर.

४०० जीबीमधले खरोखर परत न मिळणारे व्हिडिओ किती? आजी-आजोबांचं बोलणं, बाळाची पहिली पावलं, गेलेल्या माणसाचा आवाज असलेली क्लिप, दंडारीचं सलग चित्रण, लग्नातले मोजके विधी. निवडायला बसलं तर हे बहुधा ५०-८० जीबीत बसतं. त्यासाठी १०० जीबीचा १,३०० रुपयांचा प्लॅन पुरतो, आणि अपलोडही काही रात्रींत होतं. बाकीचं, म्हणजे फोटोग्राफरने दिलेली चार तासांची पूर्ण शूटिंग आणि धबधब्याच्या पन्नास क्लिप, डिस्कवर राहू द्या. वर चढवताना फोटोजमध्ये 'ओरिजिनल क्वालिटी' निवडलेली आहे ना ते बघा, 'स्टोरेज सेव्हर' असेल तर ४केचा व्हिडिओ फुल एचडीवर आणून ठेवला जातो.

दोन डिस्कपैकी एक घरात. दुसरी नांदेडला शिकणाऱ्या मुलाकडे, पुण्यात कामाला असलेल्या भावाकडे, माहेरी, कुठेही, पण दुसऱ्या छपराखाली. दोन्ही वेगवेगळ्या कंपनीच्या किंवा निदान वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या असाव्यात, एकाच खोक्यातल्या दोन डिस्क एकाच दोषाने बरोबर जाऊ शकतात. दिवाळीला सगळे घरी येतात तेव्हा बाहेरची डिस्क बरोबर आणायची, वर्षभराचं नवीन तिच्यावर टाकायचं, चार-दोन जुने व्हिडिओ मधूनच चालवून बघायचे आणि परत द्यायची. पाच-सहा वर्षांनी डिस्क बदलायची, ती चालत असली तरी.

व्हॉट्सॲपवरून एकमेकांना पाठवलेले व्हिडिओ मूळ समजू नका. साधा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. ज्याने शूट केलं त्याच्याकडून तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. लग्न झाल्यावर आठवडाभरात हे करावं. वर्षाने मागितलं तर समोरच्याने फोन बदललेला असतो.

पासवर्ड एकट्याच्याच डोक्यात असेल तर?

घरातला एकच माणूस हे सगळं बघतो आणि बहुधा तोच लग्नांत शूटिंग करत असल्याने व्हिडिओत कधी दिसत नाही. त्याला काही झालं तर डिस्क कुठे आहे हे सापडेल, पण क्लाउड उघडणार नाही. कंपन्या मयत माणसाचं खातं वारसाला सहजासहजी देत नाहीत, कागदपत्रं मागतात आणि तरीही नकार येऊ शकतो.

यावर सोय आहे, आणि ती मोफत आहे. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं इतके महिने वापरलं नाही तर अमुक माणसाला कळवा आणि फोटो-व्हिडिओ उतरवून घेऊ द्या, असं आधीच नोंदवता येतं. आयफोनवर २०२१च्या अखेरीपासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. दोन्हीला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. त्याशिवाय खात्याचं नाव, पासवर्ड आणि ओटीपीचा नंबर कागदावर लिहून घराच्या सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवावा, ती फाइल कुठल्याही घरात कधी हरवत नाही.

डिस्कवरही एक चिठ्ठी चिकटवा: कुणाची, कधी घेतली, शेवटचं कधी तपासलं. आणि आत फोल्डरला 'न्यू फोल्डर ३' ऐवजी साल, गाव, प्रसंग असं नाव द्या. '२०१८ इस्लापूर आजी कोलामी गोष्ट' असं लिहिलेलं असेल तर वीस वर्षांनी आज पाळण्यात असलेल्या मुलीलाही ते शोधता येईल.